संचायक घटमाला : उभ्या वाहनांतील निगा

संचायक घटमाला : उभ्या वाहनांतील निगा. मोटारगाडी, कॅरव्हॅन या नावाने ओळखले जाणारे निवासी प्रवासवाहन, यांत्रिक नौका इत्यादींमध्ये विद्युत् पुरवठ्यासाठी शिसे-अम्ल प्रकारची संचायक घटमाला बसविलेली असते. व्यवहारात तिला बॅटरी म्हणतात. वाहन आठवडे किंवा महिने वापरावाचून उभे राहणार असेल, तर त्या काळात ही घटमाला कार्यक्षम राहावी म्हणून काही काळजी घ्यावी लागते. यंत्र बंद ठेवले की त्याची झीज थांबते, हा सर्वसामान्य अनुभव या घटमालेला लागू पडत नाही. ती बंद अवस्थेतही हळूहळू रिकामी होत असते आणि रिकाम्या अवस्थेत पडून राहिल्यास तिची कायमची हानी होते. पुष्कळ घटमाला वापराने नव्हे, तर उभ्या राहिल्यामुळे निकामी होतात.

ठाणे खाडीच्या पूर्वेस सिडकोने (स्थापना १९७०) वसविलेल्या नवी मुंबईत हा प्रश्न अनेक रूपांत आढळतो. येथील पुष्कळ रहिवासी रोजच्या कामासाठी उपनगरी रेल्वेने जातात व त्यांच्या मोटारगाड्या इमारतींच्या आवारात आठवडाभर उभ्या असतात. सहलीच्या हंगामापुरती वापरली जाणारी निवासी वाहने पावसाळ्यात उभी राहतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अशा वाहनांविषयीची उत्सुकता वाढली आहे. खाडीकाठच्या कोळीवाड्यांतील आणि दक्षिणेकडील उरण तालुक्यातील करंजा येथील नौका पावसाळी बंदीच्या काळात किनाऱ्यास लागतात. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा मात्र एकाच वेळी जवळजवळ सर्वच खाजगी वाहने जागच्या जागी थांबली आणि निर्बंध सैल झाल्यावर गाडी सुरू होत नाही, ही तक्रार घरोघर ऐकू येऊ लागली.

घटातील क्रिया : शिसे-अम्ल घटाचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये लावला. आजच्या घटातही मूळ क्रिया तीच आहे. धन पट्टिकेवर शिशाचे डाय-ऑक्साइड, ऋण पट्टिकेवर सच्छिद्र शिसे आणि या दोहोंमध्ये विरल सल्फ्यूरिक अम्ल, अशी घटाची रचना असते. घटातून प्रवाह घेतला म्हणजे दोन्ही पट्टिकांवरील द्रव्यांचे लेड सल्फेटात रूपांतर होते, अम्ल खर्ची पडते व पाणी तयार होते. उलट दिशेने प्रवाह पाठविल्यास, म्हणजे घट भारित केल्यास, मूळ द्रव्ये पुन्हा मिळतात. एका घटाचा विद्युत् दाब सु. २ व्होल्ट असल्याने १२ व्होल्टच्या घटमालेत सहा घट एकसरीत जोडलेले असतात.

अग्रांना काहीही जोडलेले नसले, तरी या क्रिया पूर्णपणे थांबत नाहीत. ऋण पट्टिकेवरील शिशाची अम्लाशी मंद विक्रिया होऊन हायड्रोजन वायू व लेड सल्फेट तयार होतात. धन पट्टिकेवर ऑक्सिजन सुटतो व तेथेही सल्फेट बनते. यास स्वयंविसर्जन म्हणतात. पट्टिकांच्या जाळीतील शिशात पूर्वी कणखरपणासाठी अँटिमनी मिसळीत. कालांतराने हे अँटिमनी धन पट्टिकेतून सुटून ऋण पट्टिकेवर जमते आणि तेथे हायड्रोजन सुटणे सुकर करते. त्यामुळे अशी घटमाला, विशेषतः जुनी झाल्यावर, महिन्याला आपल्या धारकतेचा दहावा भाग किंवा त्याहून अधिक गमावते. कॅल्शियमयुक्त जाळी वापरलेल्या आधुनिक बंदिस्त घटमालेत हे प्रमाण महिन्याला ३ ते ५ टक्क्यांच्या आसपास असते. तापमान १०° से. वाढले की स्वयंविसर्जनाचा वेग स्थूलमानाने दुप्पट होतो, हे येथे विशेष लक्षात ठेवावयास हवे.

स्वयंविसर्जन ही स्वतः फार मोठी आपत्ती नव्हे; गेलेला भार पुन्हा भरता येतो. खरी हानी त्यानंतर होते. नुकतेच तयार झालेले लेड सल्फेट अतिशय बारीक स्फटिकांच्या रूपात असते व भारणाच्या वेळी सहज विरघळून रूपांतरित होते. तेच आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तर लहान स्फटिक विरघळून त्यांचे द्रव्य मोठ्या स्फटिकांवर बसत जाते. हे मोठे, टणक स्फटिक विद्युत् दुर्वाहक असतात, पट्टिकेतील छिद्रे बुजवितात आणि भारणाला दाद देत नाहीत. शिवाय लेड सल्फेटाचे आकारमान ते ज्या शिशापासून बनते त्याच्या अडीचपटींहून अधिक असल्याने पट्टिकेवरील द्रव्यावर ताण येऊन ते सुटू लागते. यालाच कारागीर ‘प्लेटा सल्फेट झाल्या’ असे म्हणतात. घटमाला पूर्ण भारित असेल, तर पट्टिकांवर सल्फेट जवळजवळ नसतेच, म्हणून स्फटिक वाढण्यास द्रव्यही नसते. साठवणीतील निगेचे सारे नियम या एका गोष्टीतून निघतात.

हवामान व मापन : यूरोप-अमेरिकेतील वाहनांच्या माहितीपुस्तकांत या विषयाची पुष्कळ पाने हिवाळ्यावर खर्च झालेली असतात, कारण तेथे निवासी ओढगाड्या हिवाळ्यातच ठेवून दिल्या जातात. रिकाम्या घटातील द्राव बहुतांशी पाणीच असल्याने तो शून्याखाली काही अंशांवरच गोठतो व पेटी फुटते. पूर्ण भारित घटातील द्राव मात्र उणे ५०° से. पर्यंतही गोठत नाही. लेह-लडाखमध्ये गाडी ठेवणाऱ्यास हा उपदेश मोलाचा आहे. नवी मुंबईत त्याचा काही उपयोग नाही. येथे बाधक ठरतात ती उष्णता आणि दमट, खारी हवा. तीच माहितीपुस्तके सांगतात की, हिवाळाभर ठेवलेल्या घटमालेकडे दोन-तीन महिने पाहिले नाही तरी चालते. थंडीत स्वयंविसर्जन मंदावलेले असल्याने ते तेथे खरेही असते. तळोजा किंवा पनवेल येथे पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे महिन्यांत उभ्या राहिलेल्या वाहनास हे प्रमाण लावणे चुकीचे ठरेल.

घटमालेची स्थिती जाणण्याची दोन साधने आहेत. ज्या घटमालेची बुचे उघडता येतात, तिच्यातील द्रावाचे विशिष्ट गुरुत्व रबरी फुगा व काचेची नळी असलेल्या द्रवघनतामापकाने पाहतात. थंड हवेच्या देशांत पूर्ण भारित घटाचे विशिष्ट गुरुत्व १.२७ ते १.२८ ठेवतात, उष्ण प्रदेशांत तीव्र अम्लाने पट्टिका लवकर झिजतात म्हणून ते पुष्कळदा १.२४ ते १.२५ इतकेच ठेवले जाते. आपल्याकडे प्रमाण तापमान २७° से. मानतात आणि त्याहून प्रत्येक अंशास सु. ०.०००७ एवढी दुरुस्ती मिळवितात. सहा घटांतील वाचनांत ०.०३ पेक्षा अधिक फरक पडला, तर एखादा घट कमकुवत झाला आहे असे समजावे.

बंदिस्त घटमालेचा विद्युत् दाब व्होल्टमापकाने पाहणे एवढाच मार्ग असतो. भारण थांबवून निदान पाच-सहा तास, शक्य तर रात्रभर, घटमाला तशीच ठेवल्यावर घेतलेले वाचनच विश्वसनीय असते. प्रचलित कोष्टकांप्रमाणे १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भारित, १२.२ व्होल्टच्या आसपास अर्धी व ११.८ व्होल्ट म्हणजे रिकामी. ही कोष्टके आंधळेपणाने वापरू नयेत. विश्रांत अवस्थेत एका घटाचा दाब हा त्यातील द्रावाच्या विशिष्ट गुरुत्वात ०.८४ मिळवून जवळजवळ अचूक काढता येतो. १.२४ विशिष्ट गुरुत्वाच्या घटाचा दाब यानुसार २.०८ व्होल्ट व सहा घटांचा १२.४८ व्होल्ट येतो. अशी घटमाला पूर्ण भरलेली असूनही परदेशी कोष्टक तिला पाऊण भरलेली ठरवील व मालक ती विनाकारण भारकावर लावीत राहील. घटमाला नवी असतानाच, पूर्ण भारणानंतर दुसऱ्या दिवशीचे वाचन पेटीवर लिहून ठेवल्यास पुढे तुलनेची सोय होते.

चोरटा खर्च : उभ्या वाहनातही घड्याळ, चोरसूचक यंत्रणा, दूरस्थ कुलपाचा ग्राहक, संगणकीय नियंत्रकांची स्मृती इत्यादींना सतत थोडा प्रवाह लागतो. आधुनिक मोटारगाडीत तो सामान्यतः २० ते ५० मिलिअँपिअर असतो. ३० मिलिअँपिअर धरल्यास दिवसाला ०.७२ अँपिअर-तास व साठ दिवसांत ४३ अँपिअर-तास खर्च होतात. लहान गाडीतील घटमालेची एकूण धारकता ३५ ते ४५ अँपिअर-तास असते, हे पाहता दोन महिन्यांनी गाडी सुरू न होण्यात नवल नाही. निवासी वाहनात वायुगळती-सूचक, पाण्याच्या पंपाची कळ, शीतकपाटाचे नियंत्रण ही भर असते. सर्वांत खर्चिक म्हणजे चालू ठेवलेला प्रतिवर्तक, अर्थात घरगुती भाषेतील इन्व्हर्टर. त्यावर एकही दिवा लावलेला नसला तरी तो स्वतःसाठी अर्ध्या ते एक अँपिअरपर्यंत प्रवाह घेऊ शकतो. १ अँपिअरच्या हिशोबाने १०० अँपिअर-तासांची घटमाला चार दिवसांत संपते.

टाळेबंदीच्या काळात अनेकांनी आठवड्यातून एकदा गाडी दहा मिनिटे जागेवरच सुरू ठेवण्याचा उपाय केला व आजही तो सर्वत्र सांगितला जातो. त्याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. आरंभक मोटर ३ सेकंद १५० अँपिअर प्रवाह घेते असे मानले, तर खर्च केवळ ०.१२५ अँपिअर-तास होतो. तो लगेच भरून निघतो. परंतु आठवड्याचा चोरटा खर्च वरील प्रमाणाने सु. ५ अँपिअर-तास झालेला असतो. मंद गतीवर फिरणाऱ्या जनित्रापासून घटमालेस १० अँपिअर मिळाले तरी दहा मिनिटांत १.७ अँपिअर-तासच परत येतात, आणि वातानुकूलन किंवा दिवे लावल्यास तेवढेही नाहीत. म्हणजे दर आठवड्यास तीन अँपिअर-तासांहून अधिक तूट राहते. एंजिन पुरते तापत नसल्याने धूरनळीत व तेलात पाणी साचते, हा वेगळा तोटा. गाडी रस्त्यावर काढून पाऊण-एक तास चालविणे उपयुक्त आहे. दहा मिनिटांच्या घरघरीने मनाचे समाधान होते, घटमालेचे नाही.

ठेवून देण्यापूर्वीची तयारी : प्रथम घटमाला पूर्ण भारित करावी. धारकतेच्या दहाव्या भागाइतका प्रवाह, म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या घटमालेस १० अँपिअर, ही सुरक्षित मर्यादा समजतात. तास-तासाच्या अंतराने घेतलेली विशिष्ट गुरुत्वाची तीन वाचने सारखी आली व सर्व घटांतून समान बुडबुडे येऊ लागले की भारण पूर्ण झाले. द्रावाची पातळी पट्टिकांच्या खाली गेली असेल, तर त्या झाकतील इतकेच पाणी आधी घालावे आणि उरलेले भारणानंतर. आधीच काठोकाठ भरल्यास द्राव फुगून बाहेर येतो. पाणी ऊर्ध्वपातितच हवे. मोरबे धरणाचे शुद्ध केलेले पाणी पिण्यास उत्तम असले, तरी त्यातील क्लोराइडे व लोहाचे अंश पट्टिकांना घातक असतात. घरगुती शुद्धीकरण यंत्रातील पाणी किंवा वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी काही जण वापरतात. पहिल्यात क्षार उरलेले असतात आणि दुसऱ्यात धूळ व तांब्या-ॲल्युमिनियमाचे कण येतात. अम्ल मात्र कधीही वाढवू नये. घटातून उडून जाते ते पाणी. अम्ल पट्टिकांतच सल्फेटाच्या रूपाने अडकलेले असते व भारणाने परत येते.

खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत पेटीच्या माथ्यावर धूळ व अम्लाचा ओलसर थर बसतो आणि त्यातून दोन अग्रांमध्ये थोडा प्रवाह सतत झिरपतो. बुचे घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने माथा पुसावा, नंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडा करावा. अग्रांवरील पांढरा-हिरवट चुरा काढून त्यांस व्हॅसलीनचा पातळ लेप द्यावा. जोडणी सोडविताना ऋण अग्र आधी सोडवावे व परत जोडताना ते सर्वांत शेवटी जोडावे. वाहनाचा सांगाडा ऋण अग्रास जोडलेला असल्याने उलट क्रम केल्यास पाना सांगाड्यास टेकून ठिणगी पडते. काही गाड्यांत जोडणी तोडल्यावर रेडिओचा सांकेतिक क्रमांक वा खिडक्यांची मांडणी नव्याने द्यावी लागते, एवढीच गैरसोय.

घटमाला सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्यास ती उतरते, असा समज कारागिरांत अजूनही आढळतो. पेट्या लाकडाच्या किंवा कठीण रबराच्या असत त्या काळी ओलाव्यामुळे असे घडू शकत असे; आजच्या पॉलिप्रोपिलिनाच्या पेटीतून जमिनीत प्रवाह जात नाही. तरीही खाली फळी असावी, पण ती फरशीला अम्लापासून वाचविण्यासाठी.

साठवणीच्या काळात : जोडणी सोडलेली घटमाला सावलीत व हवेशीर जागी ठेवावी. अँटिमनीयुक्त घटमाला उन्हाळ्यात दर तीन ते चार आठवड्यांनी व कॅल्शियमयुक्त घटमाला दोन महिन्यांनी तपासून भारित करावी. दाब पूर्ण भाराच्या वाचनापेक्षा ०.२ व्होल्टने उतरला की वाट पाहू नये. ज्यास हे स्मरण ठेवणे शक्य नाही, त्याने दाब स्वतः नियंत्रित करणारा भारक कायम जोडून ठेवावा. असा भारक प्रथम १४.४ व्होल्टच्या आसपास भारण पूर्ण करून नंतर १३.५ ते १३.६ व्होल्टांवर घटमाला तरती ठेवतो. हे आकडे २५° से. तापमानाचे आहेत. १२ व्होल्टच्या घटमालेस प्रत्येक अंशास सु. ०.०२ व्होल्ट कमी करावे लागतात, म्हणजे ३५° से. ला हा दाब १३.३ ते १३.४ व्होल्ट हवा. तापमानानुसार दाब न बदलणारा स्वस्त भारक उन्हाळाभर लावून ठेवल्यास पाणी आटून पट्टिका उघड्या पडतात. बंदिस्त घटमालेत तर हे दिसतही नाही.

वाहनाच्या टपावर ५ ते १० वॉटचे सौर पटल बसवूनही स्वयंविसर्जन भरून काढता येते. मात्र कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ दिवसेंदिवस झाकलेले असते व इमारतीच्या आवारात सावलीही असते. जोडणी सोडलेली नसेल, तर एवढ्या लहान पटलावर पावसाळ्यात विसंबणे धोक्याचे आहे.

भारण चालू असता हायड्रोजन व ऑक्सिजन सुटतात. हवेत हायड्रोजनाचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. निवासी वाहनांत घटमाला पुष्कळदा बाकाखाली किंवा शय्येखाली असते. तेथे बाहेर उघडणारी वायुनळी नसेल, तर दारे-खिडक्या लावून भारण करू नये आणि भारण चालू असता त्या वाहनात कोणी झोपू नये. भारकाचे चिमटे लावताना व काढताना भारक आधी बंद करावा. अम्ल डोळ्यांत उडाल्यास वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

मासेमारी नौका : राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस १ जूनपासून सु. दोन महिने बंदी असते. नौका ओढून शाकारल्या जातात. जाळी व एंजिन यांच्या दुरुस्तीत हे दिवस जातात. घटमालेकडे मात्र दुर्लक्ष होण्याचा संभव असतो, कारण बिघाड वरून दिसत नाही. बंदी उठते तेव्हा समुद्र पुरता शांत झालेला नसतो. एंजिनाचा आरंभ, दिशादर्शक दिवे, बिनतारी संदेशयंत्र व उपग्रहाधारित स्थाननिश्चिती हे सर्व त्याच घटमालेवर चालते. सल्फेट झालेली घटमाला किनाऱ्यावर एकदा एंजिन फिरवून देते, पण जाळे टाकण्यासाठी एंजिन बंद केल्यावर दुसऱ्यांदा ती साथ देईलच असे नाही. खडकाळ किनाऱ्याजवळ वारा असताना हा प्रसंग जिवावर बेततो. म्हणून घटमाला नौकेवरून उतरवून घरी नेणे, महिन्यातून एकदा भारित करणे आणि समुद्रात जाण्यापूर्वी भाराखाली तिची चाचणी करून घेणे आवश्यक आहे. चाचणीत एंजिन फिरत असता दाब ९.६ व्होल्टांखाली उतरला, तर घटमाला बदलावी.

इतर प्रकार : द्राव काचतंतूंच्या चटईत शोषलेल्या किंवा जेल स्वरूपातील बंदिस्त घटमालांना वरील सर्व नियम लागू पडतात, फक्त त्यांत पाणी घालता येत नाही व अतिभारण त्यांना अधिक बाधते. घरगुती इन्व्हर्टरसाठी वापरली जाणारी नळीदार पट्टिकांची घटमाला काही निवासी वाहनांतही बसवितात. ती खोल विसर्जन सहन करते, परंतु तिच्या धन पट्टिकांत सहसा अँटिमनी असल्याने तिला पाणी व भारण वारंवार लागते. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकाराचा नियम याच्या नेमका उलट आहे. त्यात सल्फेट बनत नाही. पूर्ण भारित अवस्थेत उष्ण जागी ठेवल्यानेच ती लवकर वृद्ध होते. म्हणून ती साधारण निम्म्या भाराने, जोडणी सोडून ठेवतात. शिसे-अम्लासाठीचा जुना भारक तिला लावू नये.

निकामी घटमाला : सल्फेट झालेली घटमाला धारकतेच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतक्या अल्प प्रवाहाने दोन-तीन दिवस भारित केल्यास कधीकधी अंशतः सुधारते. बाजारातील ‘सल्फेट घालविणाऱ्या’ चूर्णांवर व द्रावांवर भरवसा ठेवण्यासारखी परिस्थिती नाही. न सुधारणारी घटमाला घरात किंवा आवारात पडू देऊ नये. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे व त्याची संयुगे यांचा असतो. ते पुन्हा वापरता येते, पण उघड्यावर पेटी फोडून व भट्टी लावून शिसे गाळणाऱ्या ठिकाणी धूर व धूळ यांवाटे ते परिसरातील मुलांच्या शरीरात जाते आणि मेंदूच्या वाढीस कायमचा अपाय करते. २०२० मध्ये युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सु. ८० कोटी, म्हणजे दर तिनांपैकी एका मुलाच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम वा अधिक होते आणि घटमालांची अशी अशास्त्रीय पुनर्प्राप्ती हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. भारतात २००१ मध्ये घटमालांविषयी नियम झाले. त्यांची जागा २०२२ च्या घटमाला-कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली असून वापरलेल्या घटमाला परत घेऊन नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पोहोचविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घटमाला घेताना विक्रेते जुनीची किंमत वजा करून देतात. जुनी घटमाला त्यातील द्राव गटारात न ओतता, बुचे लावून व उभी ठेवूनच त्यांच्याकडे न्यावी. वजनावर घेणाऱ्या फेरीवाल्यास ती देऊ नये, मग तो चार पैसे अधिक देत असला तरीही.